हॅटरासला बोर्ड घेऊन निघण्याआधी

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅली-कॅरी या शहरांकडची आपली मंडळी आउटर बँक्स बेटांवर घर घेतात आणि त्याच घरासमोर पाण्यात उतरतात. पोहायला ठीक आहे. सर्फिंगला जाणार असाल तर घर कुठेही असू द्या, पण रोज सकाळी गाडी काढायची तयारी ठेवा.

नॉर्थ कॅरोलायनाची ही बेटं म्हणजे अटलांटिक आणि आतलं उथळ पाणी यांच्यामधली वाळूची चिंचोळी पट्टी. लाट फुटते ती पाण्याखाली साचलेल्या वाळूच्या बांधावर, सँडबारवर. डक गावात १९७७ साली उभारलेल्या संशोधन केंद्रात वर्षानुवर्षं याचंच मोजमाप चालू आहे: मोठ्या वादळात बांध समुद्राकडे सरकतो, शांत हवेत हळूहळू किनाऱ्याकडे परततो. म्हणून मित्राने गेल्या वर्षी सांगितलेली ‘भारी जागा’ यादीतून आधी खोडा.

निघायच्या दोन-तीन दिवस आधीपासून केप हॅटराससमोरच्या डायमंड शोल्स या उथळ भागातल्या ४१०२५ क्रमांकाच्या बॉयचे, म्हणजे समुद्रात तरंगत लाटा मोजणाऱ्या यंत्राचे, आकडे बघत जा. नुसती लाटेची उंची बघून हुरळू नका, दोन लाटांमधले सेकंदही बघा. पाच-सहा सेकंद म्हणजे वाऱ्याने उठवलेली खळबळ. नऊ-दहाच्या आसपास लाटेला आकार येतो. त्याहून फार लांबलेली लाट सरळसोट बांधावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदम कोसळते, बोर्डला पळायला वाटच उरत नाही. भरती-ओहोटीचं वेळापत्रकही घ्या. इथला फरक जेमतेम मीटरभर, कोकणातल्यापेक्षा बराच कमी. पण एक मीटरची लाट साधारण सव्वा मीटर पाण्यात फुटते, तेव्हा तेवढ्या फरकाने सगळा खेळ बदलतो.

वाऱ्याची गंमत केप हॅटरासला, म्हणजे बेटाच्या समुद्रात घुसलेल्या टोकाला, कळते. रोडँथी ते बक्स्टन किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे, तिथे पश्चिमेचा वारा लाटेला उभी धरतो. बक्स्टनपुढे बेट कोपरात वाकावं तसं वळतं आणि फ्रिस्कोचा किनारा दक्षिणेकडे बघतो. उत्तरेचा वारा सुटला की फ्रिस्को गाठा. मात्र लाटही उत्तरेकडूनच येत असेल तर तिथे पाणी तळ्यासारखं सपाट मिळेल.

वेटसूट, म्हणजे गार पाण्यात ऊब देणारा रबरी पोशाख, जुलैतही घ्या, निदान २ मिलिमीटर जाडीचा. केपच्या उत्तरेला नैऋत्येचा वारा दोन-चार दिवस टिकला की वरचं कोमट पाणी बाहेर ढकललं जातं आणि खालचं गार पाणी वर येतं. हिवाळ्यात ५/४ चा (धडाला ५, हातापायांना ४ मिलिमीटर जाड) सूट, टोपी, मोजे, हातमोजे, सगळंच लागतं. नवशिक्यांनी तेव्हा जाऊच नये असं माझं मत आहे. पाय घसरू नये म्हणून बोर्डला लावायचं, पाण्याच्या तापमानाप्रमाणे निवडलेलं वॅक्स, एक जादा लीश (बोर्ड पायाला बांधायची दोरी), जादा फिन (बोर्डखालचं कल्ल्यासारखं पातं) आणि फिनची चावी एका डब्यात ठेवा. उथळ वाळूवर फिन तुटतातच. नव्याने शिकणाऱ्याने आठ फुटी मऊ बोर्ड घ्यावा, दिसायला कसा का असेना.

गाडी थेट पुळणीवर न्यायची असेल तर नॅशनल सीशोरचा, म्हणजे या संरक्षित सरकारी किनाऱ्याचा, परवाना आधी काढा. फावडं, जॅक, जॅकखाली ठेवायची फळी आणि टायरची हवा मोजायचं गेज सोबत हवं. एनसी १२ हा एकच रस्ता, वादळात त्यावर पाणी आणि वाळू येते, म्हणून तो चालू आहे ना हे बघूनच निघा. रोडँथी-बक्स्टनकडे समुद्राने अलीकडे कितीतरी घरं गिळली आहेत. खिळे मारलेल्या फळ्या वाहत येतात, तेव्हा चपला पाण्याच्या काठापर्यंत घाला.

पोहोचल्यावर लगेच उतरू नका. लाकडी पायवाटेवरून वीसेक मिनिटं नुसतं बघा. फेस उठतो तिथे बांध. दोन फेसांमधली गडद, शांत दिसणारी फट म्हणजे बाहेर ओढणारा रिप करंट. सरावलेले लोक त्याच फटीतून बाहेर जातात. तुम्ही सापडलात तर बोर्ड सोडू नका, ओढीशी झुंजू नका. किनाऱ्याला समांतर हात मारा, फेस लागला की बांध आला. पडताना डोकं पुढे करून कधीच सूर मारू नका, खाली कमरेइतकंच पाणी असतं आणि मान मोडते. मासेमारीच्या धक्क्यापासून शंभर मीटर तरी लांब राहा, तिथे गळ टाकलेले असतात.


पाणी, खायचं आणि कोरडे कपडे सकाळीच गाडीत भरा. वारा दुपारी फिरतो, आणि तोवर जागा दोनदा तरी बदललेली असते.