कऱ्हाड तालुका अहवालात दोनदा दिसत होता: माझा अनुभव

सातारा जिल्ह्यातील ग्रामपंचायतींना भारतनेट या ग्रामीण इंटरनेट योजनेअंतर्गत मिळणाऱ्या जोडणीचा साप्ताहिक अहवाल मी स्प्रेडशीटमध्ये तयार करतो. जिल्ह्यात तालुके ११ असताना पिव्होट टेबलमध्ये (नोंदींचे गट करून बेरीज दाखवणाऱ्या तक्त्यात) १२ ओळी येत होत्या, कारण ‘कऱ्हाड’ हे नाव डोळ्यांना अगदी एकसारखे दिसूनही दोनदा मोजले जात होते.

ट्रिम सूत्र लावले, फॉन्ट बदलला, पिव्होट नव्याने बांधला, उपयोग शून्य. तीन सोमवार यातच गेले.

शेवटी शेजारच्या स्तंभात लेन सूत्राने अक्षरसंख्या काढली, तेव्हा काही नोंदींत ६ आणि काहींत ७ असे उत्तर आले. काही संगणकांवर ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, म्हणजे युनिकोड (संगणकातील अक्षराचा ठरलेला क्रमांक) २३५३, टंकले जात होते, तर इतरत्र साधा ‘र’ (२३५२), हलन्त (२३८१) आणि न दिसणारा जोडक (८२०५) यांतून तेच रूप उमटत होते. ट्रिम केवळ मोकळ्या जागा काढते, जोडकाला हात लावत नाही.

म्हणून प्रथम मूळ पत्रकाची प्रत ठेवली. नंतर मजकूर बदलणाऱ्या सबस्टिट्यूट सूत्रात, क्रमांकावरून अक्षर देणारे युनिकॅर वापरून २३५२, २३८१, ८२०५ या क्रमाच्या जागी २३५३, २३८१ हा क्रम घातला, आलेला स्तंभ ‘फक्त मूल्ये’ म्हणून मूळ जागी चिकटवला आणि मगच पिव्होट रिफ्रेश केला. ‘कराड’ असे लिहिणारेही होतेच. त्यामुळे तालुक्याच्या रकान्यात आता टंकलेखन बंद करून ड्रॉपडाउन यादी दिली आहे.