नागपुरात नवीन आलात आणि मदतकार्यात उतरायचंय? मग हे वाचा

मिहानला, म्हणजे इथल्या विमानतळाजवळच्या उद्योग-आयटी पट्ट्यात, नोकरी लागली, बदली झाली, लग्न होऊन आलात, कशानेही आला असाल, सुरुवातीचे काही महिने रविवार खायला उठतो, आणि मग कुणीतरी विचारतंच की इथे व्हॉलंटियर म्हणून कुठे जाता येईल. मी मूळचा सांगलीचा, आता इथलाच झालोय, एका मदत संस्थेच्या नागपूर शाखेत काम करतो, तर जे माहितीय ते सांगून टाकतो.

पहिलं म्हणजे आमच्या सांगलीसारखा पूर डोक्यातून काढा. सांगलीत पाणी सांगून येतं, कोयना धरणातून किती क्युसेक सोडलं, आयर्विन पुलाखाली किती फूट झालं हे लोक तासातासाला बघत असतात, 2019 ला पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हाही ते चढायला दिवस लागले. इथली नाग नदी एरवी नाल्यासारखी दिसते, रोज पुलावरून जाऊनही लक्ष जात नाही. पण 2023 मध्ये 22 सप्टेंबरच्या रात्री आणि 23 च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी भागात लोक झोपेत असताना घरात पाणी शिरलं. मोरभवनच्या बसस्टँडवर गाड्या पाण्यात. एनडीआरएफ, एसडीआरएफ ही केंद्राची-राज्याची आपत्ती पथकं, लष्कर सगळे आले, बोटी आल्या, पण त्या येईपर्यंत पहिला हात दिला तो शेजारच्या गल्लीतल्या पोरांनी. गणपतीचे दिवस होते त्यामुळे मंडळाची पोरं रात्री जागीच होती हे एक बरं झालं. म्हणून भाड्याने घर घेताना घरमालकाला सरळ विचारा, काका, त्या वर्षी पाणी कुठपर्यंत आलं होतं? भिंतीवर हात ठेवून दाखवतील. आणि आपल्या वस्तीत एकटे राहणारे म्हातारे कोण, कुणाच्या घरी पेशंट आहे, हे माहीत असलेला एक माणूस बाहेरून आलेल्या दहा जणांपेक्षा कामाचा असतो.

पाणी उतरल्यावरचं काम फोटोत येत नाही पण तेच मोठं असतं. चिखल काढायच्या आधी भिंतीवरची पाण्याची रेघ, फ्रिज, गाद्या, धान्य यांचे फोटो काढायला लावा, कारण पंचनामा करायला माणूस येतो तेव्हा घर धुऊन लख्ख झालेलं असतं आणि मग दाखवायला काहीच उरत नाही. मेन स्विचला कुणी हात लावू नका, आधी वायरमन. ओली कागदपत्रं उन्हात टाकू नका, सावलीत पंख्याखाली एकेक पान सुटं करून वाळवा. आणि जुने कपडे गोळा करून पाठवणं कृपा करून बंद करा, ते ढीग निस्तरायला वेगळी टीम लागते, त्यात फाटक्या साड्या आणि एकेकटे मोजे निघतात. झाडू, फावडी, ब्लीचिंग पावडर, सॅनिटरी पॅड, टॉर्च, हे विचारून घेऊन या.

पण खरं सांगू का, नागपुरातली दरवर्षीची आपत्ती म्हणजे ऊन. पुण्या-मुंबईच्या लोकांना हे पहिल्या मे महिन्यापर्यंत पटत नाही. 23 मे 2013 ला इथे 47.9 डिग्री गेलं होतं, आणि नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, सुरू झाला की दुपारी रस्ता ओस पडतो. मनपाचा हीट ॲक्शन प्लॅन आहे, पण टपरीवाले, हमाल, बांधकामावरचे मजूर, सायकलरिक्षावाले यांना सावलीत बसवून पाणी पाजणारं कुणीतरी लागतंच. पाणपोईवर उभं राहणं हे नवीन माणसाचं पहिलं काम, आणि त्यात शिकण्यासारखं खूप आहे. ओआरएसचंच घ्या. लोक अख्खं पाकीट एका ग्लासात ओततात आणि चमच्याने ढवळून देतात, किंवा उलट पुरवून वापरायचं म्हणून एक पाकीट बादलीभर पाण्यात. दोन्ही चूक. पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी, मोठं असेल तर अख्खं पाकीट एक लिटरला, आणि केलेलं उरलं तर दुसऱ्या दिवशी फेकायचं. कुणी बरळायला लागला, अंग तापलंय, शुद्ध हरपतेय, तर तोंडात पाणी ओतायचं नाही, सावलीत आडवं करायचं, कपडे सैल करून मानेला, काखेत, जांघेत ओली फडकी, वारा घालायचा आणि 108 लावायचा. हा माणूस प्यायलाय म्हणून लोक बाजूने निघून जातात, तुम्ही थांबा.

उन्हाळ्यात रक्ताचीही टंचाई होते कारण कॉलेजं बंद, शिबिरं कमी, आणि विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे पेशंट भरपूर, त्यांना वाट बघायला वेळ नसतो. मेडिकल आणि मेयो या इथल्या दोन मोठ्या सरकारी हॉस्पिटलांत गडचिरोली, गोंदिया, अगदी बालाघाट-छिंदवाड्याहून लोक येतात, नातेवाईक बाहेर फुटपाथवर चादर टाकून झोपलेले असतात. त्यांना जेवणापेक्षाही कधीकधी कुठल्या खिडकीवर कुठला कागद द्यायचा हे सांगणारा माणूस हवा असतो. हिंदी येत असेल तर लगेच उपयोगी पडाल.

दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो लोक येतात, तिथे मदतीला जायचं असेल तर स्वतःचा नवीन स्टॉल टाकू नका. भोजनदान करणारे लोक आपली व्यवस्था नीट करतात, त्यांच्यापैकी कुणाला तरी जाऊन विचारा, ताई, काय करू? पाणी भरा म्हणतील, पत्रावळ्या उचला म्हणतील, चुकलेलं पोर सांभाळा म्हणतील. करा.

आता नाव कुठे द्यायचं. रेडक्रॉसची जिल्हा शाखा हा नेहमीचा दरवाजा. 18 ते 40 वयाचे असाल तर आपदा मित्र या आपत्तीतल्या स्वयंसेवकांसाठीच्या सरकारी ट्रेनिंगची चौकशी कलेक्टर ऑफिसच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात करा, 12 दिवसांचं असतं, पूर, आग, प्रथमोपचार सगळं हाताने करायला लावतात, सुट्ट्यांचं मात्र आधी मॅनेजरशी बोलून घ्या. पाऊस पडायला लागल्यावर फोन करून आज येऊ का विचारू नका, त्या दिवशी कुणाला तुमचा फॉर्म भरून घ्यायला वेळ नसतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये या. महिनाभर कुणी विचारणार नाही, रजिस्टरमध्ये नोंदी करायला बसवतील, बॉक्स मोजायला लावतील, कंटाळून निम्मे तिथेच गळतात. मग एखाद्या शनिवारी नाही गेलात तर फोन येतो, "काऊन भाऊ, आज नाही येऊन राहिले का?" तो आला की समजा तुमचं नाव यादीत लागलं, आणि रात्री-अपरात्रीच्या कॉलसाठी मोबाईल चार्ज ठेवत जा.