कोठ्यातली जुनी अ‍ॅम्बेसेडर चालू करताय? आधी या चुका टाळा

आमच्या आर्वीकडं उभी गाडी काढायची म्हटलं की पहिले माणसं जमतात, मग ट्रॅक्टर येतो, बॉनेट उघडून पाहायचं मात्र कोणालेच सुचत नाई. आबाजीची अ‍ॅम्बेसेडर सहा वर्षं कोठ्यात उभी होती, टपावर सोयाबीनच्या कुटाराची पोती, खाली कोंबड्या. मीही तेच केलं राजेहो. दोरखंड बांधला, ट्रॅक्टरनं ओढली, तिसऱ्या गिअरात क्लच सोडला, तर मागची चाकं फिरलीच नाईत, मातीत नुसत्या दोन रेघोट्या. इंजिन जाम होतं.

बंद इंजिनात ओल शिरते, सिलेंडरले गंज धरतो अन् पिस्टनच्या रिंगा तिथंच चिकटतात. अशा इंजिनाले ट्रॅक्टरचा हिसका दिला की रिंग तुटते नाईतर सिलेंडरले चरे पडतात, मग बोअरिंगचा, म्हणजे सिलेंडर आतून कोरून घ्यायचा, खर्च. म्हणून धक्का, ट्रॅक्टर, सेल्फ, पहिल्या दिवशी तिन्ही बंद. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात दोन-तीन चमचे इंजिन ऑइल आणि डिझेल मिसळून सोडा अन् दोन दिवस राहू द्या. मग जुन्या अ‍ॅम्बेसेडरले पुढून हँडल लागते ते लावून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, हळूहळू फिरवा. हँडल नसेल तर गाडी टॉप गिअरात टाकून हातानंच मागेपुढे हलवा. नाई हललं तर परत तेल, परत दोन दिवस, जोर नको. आमचं पाचव्या दिवशी सुटलं. (पुढं कधी हँडल मारून चालू करायची वेळ आली तर अंगठा बोटांच्याच बाजूनं ठेवा, दांडीले मूठ मारून धरू नका, इंजिन उलटं फिरलं की अंगठा जातो.)

दुसरी चूक म्हणजे टाकीतल्या जुन्या पेट्रोलवर भरवसा. पेट्रोल काही महिन्यातच उतरते, उडून जाणारा भाग जातो अन् मागं चिकट राळ राहते, तीच कार्बोरेटरच्या (पेट्रोल अन् हवा मिसळणारा भाग) जेटमध्ये, म्हणजे बारीक भोकात, बसते. त्यात आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळते, अन् इथेनॉल हवेतलं पाणी ओढते, पाणी टाकीच्या तळाशी बसलं की आतून गंज सुरू. या गाड्या बनल्या तेव्हा 20 टक्के इथेनॉल कोणाच्या मनातही नव्हतं, त्यामुळं जुने रबरी पाइप अन् इंजिनाले पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा पडदा फुगतो, तडकतो. टाकी पूर्ण खाली करा, पाइप नवे टाका, फिल्टर बदला, कार्बोरेटरची वाटी उघडून साफ करा. गाडी चालू झाल्यावरही आठवड्यानं फिल्टर परत पाहा, कारण नवं पेट्रोल टाकीतला जुना मळ सोडवून घेऊन येते.

उंदीर. कोठा म्हटलं की ते आलेच. आमच्या एअर फिल्टरच्या डब्यात कापसाचं अख्खं घरटं निघालं, बोंडांसकट. सायलेन्सरमध्ये तार घालून पाहा, अन् वायरिंग हातानं चाचपल्याशिवाय बॅटरी जोडू नका, कुरतडलेली वायर बॉडीले टेकली तर कुटारासकट सगळं पेटंन.

पेट्रोलवरून आठवलं, कार्बोरेटरच्या तोंडात बाटलीनं पेट्रोल ओतत सेल्फ मारणारे मिस्त्री अजूनही आहेत. बॅकफायर झाला तर भडका थेट हातावर येते. इंजिनावरच्या बऱ्याच पेट्रोल पंपांना खाली हातानं दाबायची छोटी दांडी असते, ती मारून कार्बोरेटरची वाटी भरा, तेवढं पुरते.

स्पार्क येत नसेल तर कॉइल बदलायले धावू नका. सहा वर्षांत डिस्ट्रिब्यूटरच्या (प्लगले स्पार्क वाटणारा डबा) पॉइंटवर, म्हणजे आतल्या उघडझाप करणाऱ्या धातूच्या टोकांवर, पांढरट थर चढतो, बारीक काच पेपर फिरवा, फडक्यानं पुसा, बहुतेक वेळा तेवढंच असते.

इंजिन ऑइल अन् फिल्टर बदलल्यावर प्लग बाहेरच ठेवा, कॉइलची वायर काढा अन् दहा-दहा सेकंद सेल्फ मारून ऑइलचा लाइट विझू द्या. वर्षानुवर्षं तेल खाली चेंबरमध्ये उतरलेलं असते, बेअरिंग कोरडे असतात, अन् पहिल्याच स्टार्टले रेस दिली की तिथंच घासतात. आमच्या गर्दीतला एक तर ओरडतच होता, "दे भाऊ रेस दे, काऊन भेतं!" त्याले बाजूले करा. रेडिएटरात बोअरवेलचं पाणी भरू नका, आपल्याकडचं पाणी जड, आत क्षार धरतात, अन् मे महिन्यात 45 डिग्रीले हीच गाडी रस्त्यात उकळते. कूलंट टाका. अन् चालू करायच्या आधी कोठ्याचं दार सताड उघडा, नाईतर गाडी लोटून बाहेरच न्या, धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाई की वासही येत नाई.

चालू झाली की पोट्टे लगेच "फेरी मारा, फेरी मारा" करतात. तिथं ऐकू नका. ब्रेक ऑइल पाणी ओढून खराब झालेलं असते, चाकातले सिलेंडर गंजलेले असतात. मी गिअर टाकला, अर्ध्या कोठ्यात ब्रेक दाबला, तर पेडल सरळ तळाले टेकलं. समोर कुटाराचा ढीग होता, गाडी त्यातच जाऊन थांबली, अन् आबाजी खाटेवरून फक्त एवढंच म्हणाले, "हँडब्रेक पण असते बाप्पा त्या गाडीले."