यॉर्कशरमध्ये गिळलेला ह

इंग्लंडच्या यॉर्कशर भागातल्या लीड्स शहरात माझ्या पहिल्या हिवाळ्यात शुक्रवारी संध्याकाळी घरमालक दारात येऊन म्हणाला, 'ईटिंग्ज ऑफ टिल मंडे.' मला वाटलं, फोडणीच्या वासाची कुणीतरी तक्रार केली. दोन दिवस ब्रेड आणि केळ्यांवर काढले, वर घर एवढं गार का म्हणून कुढत स्वेटरवर स्वेटर चढवले. बिचारा हीटिंग बंद आहे एवढंच सांगायला आला होता.

तेव्हा इकडे येताय तर आधी कान तयार करा. इथली जुनी मंडळी शब्दाच्या सुरुवातीचा ह सरळ गिळतात. हाऊसचं आऊस, हेडचं एड, स्वयंपाकाचा हॉब (शेगडी) म्हणजे 'ऑब'. त्यात ह ची गावं इथे पोत्याने: हडर्सफील्ड, हॅलिफॅक्स, हेब्डन ब्रिज, पलीकडे हल. बसमध्ये कुणी 'अडर्सफील्ड' म्हणालं तर नकाशात नवं गाव शोधू नका. 1992 साली सचिन यॉर्कशरचा पहिला परदेशी खेळाडू झाला, त्या संघाचं हेडिंग्ली मैदानसुद्धा शेजारच्या आजोबांच्या तोंडी 'एडिंग्ली'च. आणि कुणी वाक्याची सुरुवात 'ॲपन' अशी केली तर तो फोनबद्दल बोलत नाहीये. तो 'हॅपन' आहे, आणि यॉर्कशरच्या बोलीत त्याचा अर्थ 'कदाचित'.

गंमत म्हणजे ह गिळणारेच कधीकधी एच या अक्षराला 'हेच' म्हणतात. फोनवर पोस्टकोड सांगताना 'हेच डी वन' ऐकलं की आपल्या मराठी कानाला वाटतं, हेच म्हणजे नक्की कोणतं? तुम्ही आपलं एच म्हणा.

लंडनचा ईस्ट एंड, मँचेस्टर, बर्मिंगहॅम, सगळीकडे हा प्रकार आहे. न्यूकॅसल, स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये मात्र ह शाबूत. स्कॉटलंडमध्ये तर 'विच'चा (which) 'ह्विच' करणारेही भेटतील.

मग आपणही ह टाकावा का? माझं मत, अजिबात नको. आपल्या तोंडी ती नक्कल वाटते. शिवाय अठराव्या शतकाच्या अखेरीपासून इथे ह गाळणं अडाणीपणाचं लक्षण मानलं गेलंय, त्यामुळे मुलाखतीला बसलं की ही मंडळीच ह शोधून परत लावतात. (हसू नका, आपणही ऑफिसात 'नाही' आणि घरी 'नाय' म्हणतोच की.)

पण दोन ठिकाणी ह सोडायलाच हवा. एक, घाईत बोलताना 'टेल हिम'चं 'टेलिम' होतं, ते अगदी सुशिक्षितही करतात. दुसरं, गावाच्या नावाच्या शेवटचं 'हॅम'. आपण 'बर्मिंगहॅम', 'नॉटिंगहॅम' असं अक्षर न् अक्षर म्हणतो. तिकीट काढताना 'बर्मिंगम', 'नॉटिंगम' म्हणा. लंडनमधलं वेस्ट हॅम मात्र हॅमच. अर्थात, तिथल्या जुन्या रहिवाशाला विचारलंत तर 'वेस्ट ॲम'.

आणि घरमालकाला म्हणावं, काय ते मेसेज करून लिहून पाठव.