ब्यूल घड्याळाचे कॉन्टॅक्ट दुरुस्त करताना या चुका टाळा

कमानीसारख्या वाकलेल्या लोहचुंबकाभोवती तांब्याच्या तारेची कॉइल झुलवणारे फ्रेंच बनावटीचे ब्यूल घड्याळ दीड व्होल्टच्या एका सेलवर चालते. मॉरिस फाव्र-ब्यूल यांची ही रचना 1920 च्या दशकात बाजारात आली. आज हाती येणाऱ्या बंद घड्याळांचे कॉन्टॅक्ट, म्हणजे एकमेकांना टेकून वीज जोडणारे भाग, वयामुळे जेवढे बिघडलेले असतात, त्याहून अधिक ते आधीच्या दुरुस्तीमुळे बिघडलेले असतात, हे सांगताना वाईट वाटते.

या घड्याळात लोलकावरची चांदीची बारीक पिन एका काट्याच्या दोन बोटांमध्ये मागे-पुढे होते. काट्याचे एक बोट चांदीचे आणि दुसरे वीजरोधक असते. त्यामुळे लोलक एका दिशेने जाताना कॉइलला विजेचा धक्का मिळतो आणि परतताना मिळत नाही. कॉइलचा रोध साधारण हजार ओहमच्या आसपास असतो, म्हणजे वाहणारा प्रवाह जेमतेम दीड मिलिअँपिअर. इतक्या क्षीण प्रवाहाला पिनेवरचा काळा थर भेदता येत नाही. हवेतील गंधकाच्या संयुगांमुळे चांदीवर सल्फाइड चढते, तोच हा थर.

पहिली चूक म्हणजे मोजमाप न घेता घासायला बसणे. आधी सेल काढून मल्टिमीटरने कॉइलचा रोध पाहावा. आकडा येतच नसेल, तर तार तुटलेली आहे आणि कॉन्टॅक्ट कितीही चकचकीत केले तरी घड्याळ चालणार नाही. कॉइल ठीक असेल, तर सेल लावून लोलक हाताने हळूच सरकवावा आणि पिन चांदीच्या बोटाला टेकलेली असताना त्या दोघांमधला व्होल्टेज मोजावा. तो शून्याच्या जवळ असायला हवा. काही दशांश व्होल्ट दिसला, तर दोष नेमका तिथेच आहे. सेलच्या पट्ट्यांवर हिरवट किंवा पांढरा गंज धरला असेल, तर तो आधी काढावा.

काचपेपर किंवा कानस वापरणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. माझ्याकडच्या घड्याळाची पिन भिंगाखाली धरली, तेव्हा तिच्या एका बाजूला आडवे ओरखडे आणि त्यांत रुतलेले वाळूचे कण स्पष्ट दिसत होते. चांदी तिथे इतकी झिजली होती की पिनेचा गोलावाच गेला होता. ओरखड्यांत काळा थर पुन्हा लवकर धरतो. शिवाय घासताना उडालेली धातूची पूड वीजरोधक बोटावर बसली, तर परतीच्या झोक्यातही प्रवाह वाहतो आणि तोच लोलकाला रोखतो. दुरुस्तीनंतर घड्याळ पूर्वीपेक्षा लवकर थांबत असेल, तर आधी हे बोट पाहावे.

योग्य उपाय साधा आहे. जाड, गुळगुळीत कागदाची अरुंद पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित ओली करून पिन आणि बोट यांच्यामधून हलकेच ओढावी. पट्टीवर काळी रेघ उमटेनाशी होईपर्यंत दर वेळी नवी पट्टी घ्यावी. खड्डे पडलेले असतील, तर गुळगुळीत पोलादी सळईने चांदी घोटावी, म्हणजे धातू निघून न जाता दबून सपाट होतो. अल्कोहोल कॉइलवर सांडू देऊ नये, कारण जुन्या तारेवरचे लाखेचे लेपन त्यात विरघळते. त्याच कारणाने फवारणीचे क्लीनर टाळावेत.

कॉन्टॅक्टवर तेल कधीच घालू नये. ठिणगीने ते जळून कोळसा होतो. काट्याची बोटे वाकवून दाब वाढवण्याचा मोहही आवरावा, कारण हाच काटा दातेरी चाकही पुढे ढकलतो.

घड्याळ चालत नाही म्हणून तीन किंवा नऊ व्होल्ट देणारे अनेक जण भेटतात. झोका मोठा होतो, वेळ बिघडते आणि प्रत्येक ठोक्याला चांदी जळते. उलट, सेलची टोके बदलून पाहण्याचे मात्र पुष्कळांना सुचत नाही. धन आणि ऋण उलटे लागले, तर कॉइल लोलकाला ढकलण्याऐवजी अडवते.

सगळे झाल्यावर खोलीत अंधार करून पिनेकडे पाहावे. ठिणगी ठळक दिसली, तर कॉइलच्या दोन टोकांना समांतर, तिच्या रोधाच्या साधारण दहापट रोधक जोडावा. डायोडपेक्षा (एकाच दिशेने वीज वाहू देणाऱ्या भागापेक्षा) तो अधिक सुरक्षित, कारण परतीच्या झोक्यात कॉइलमध्ये निर्माण होणारा व्होल्टेज डायोडमधून वाहू लागला, तर लोलकाला ब्रेक लागू शकतो.