कमोडोर ६४ साठी योग्य फ्लॉपी कशी निवडावी

१९८२ साली आलेला कमोडोर ६४ हा गृहसंगणक आणि त्याचा १५४१ हा फ्लॉपी ड्राइव्ह आजही अनेक संग्राहकांकडे चालू स्थितीत आहेत. मात्र त्यासाठी लागणाऱ्या सव्वापाच इंची फ्लॉप्यांचे उत्पादन केव्हाच थांबल्याने जुन्या साठ्यावर किंवा वापरलेल्या फ्लॉप्यांवरच भागवावे लागते. विक्रेते बहुधा ‘सव्वापाच इंची, सीलबंद’ एवढेच सांगतात. निवडीसाठी ही माहिती अपुरी आहे, कारण आकाराने सारख्या आणि ड्राइव्हमध्ये सारख्याच सहजतेने बसणाऱ्या दोन प्रकारांपैकी एकच येथे उपयोगी पडतो.

तो प्रकार म्हणजे डबल डेन्सिटी. या फ्लॉपीच्या चुंबकीय लेपाचा रोध, म्हणजे त्याचे चुंबकत्व बदलण्यासाठी लागणारा जोर, सुमारे ३०० ओर्स्टेड (चुंबकीय क्षेत्राचे एकक) असतो, तर पुढे १.२ मेगाबाइटच्या ड्राइव्हसाठी आलेल्या हाय डेन्सिटी फ्लॉपीचा सुमारे ६०० ओर्स्टेड. १५४१ चे हेड, म्हणजे फ्लॉपीवर लिहिणारा-वाचणारा भाग, ज्या ताकदीने लिहिते ती पहिल्या लेपासाठी बेतलेली असल्यामुळे दुसऱ्या लेपावर तिचा ठसा पुरेसा उमटत नाही. अशी फ्लॉपी फॉरमॅटच (वापरण्यापूर्वीची आखणी) झाली नाही तर उत्तमच. खरा धोका ती कशीबशी फॉरमॅट होते तेव्हा असतो, कारण मग तिच्यावर विसंबून साठवलेला मजकूर काही काळाने वाचता येईनासा होतो. म्हणूनच कोरी करकरीत हाय डेन्सिटी फ्लॉपी आणि वापरलेली पण स्वच्छ डबल डेन्सिटी फ्लॉपी यांत निवड करायची झाल्यास दुसरीच घ्यावी.

प्रकार ओळखण्यासाठी आधी लेबल पाहावे. ‘डीएस डीडी’ (दोन बाजूंची डबल डेन्सिटी), ‘एसएस डीडी’ (एका बाजूची) किंवा ‘एमडी२-डी’ अशी अक्षरे असल्यास हरकत नाही. ‘एचडी’ (हाय डेन्सिटी) ही अक्षरे किंवा १.२ वा १.६ मेगाबाइटचा उल्लेख असल्यास ती फ्लॉपी बाजूला ठेवावी. लेबल गळून पडले असेल तर मधल्या छिद्राकडे पाहावे: डबल डेन्सिटी फ्लॉपीला तेथे बहुधा मजबुतीसाठी एक कडे चिकटवलेले असते, हाय डेन्सिटीला सहसा नसते. लेपाचा रंगही थोडीफार साक्ष देतो. पहिल्याचा तपकिरीकडे झुकतो, दुसऱ्याचा जवळजवळ काळा असतो. केवळ रंगावरून मात्र निर्णय घेऊ नये.

एक बाजू की दोन बाजू, याची फारशी चिंता करण्याचे कारण नाही. १५४१ ला एकच हेड आहे आणि तो ३५ ट्रॅकांवर सुमारे १७० किलोबाइट साठवतो, त्यामुळे दोन बाजूंची फ्लॉपी त्यात निर्धास्त चालते. हा ड्राइव्ह सेक्टर (ट्रॅकचे तुकडे) शोधण्यासाठी मधल्या छिद्राजवळच्या लहानशा सूचक छिद्राचा आधार घेत नाही. म्हणून आवरणाच्या दुसऱ्या कडेला लेखनाची खाच कापून, फ्लॉपी उलटी घालून मागची बाजूही वापरता येते. ही सोय सर्वच संगणकांवर नाही. आपल्याकडे १९८४ पासून संगणक-शिक्षणाच्या ‘क्लास’ प्रकल्पातून शाळांत पोहोचलेला बीबीसी मायक्रो हा संगणक कोणी जपून ठेवला असेल, तर त्याच्या ड्राइव्हला सूचक छिद्र लागते, हे त्यांनी ध्यानात ठेवावे.

साडेतीन इंची फ्लॉपी वापरणाऱ्या, कमोडोरच्याच अमिगा ५०० या संगणकालाही डबल डेन्सिटीच लागते. तेथे ओळख सोपी आहे, कारण हाय डेन्सिटी फ्लॉपीच्या कोपऱ्यात एक जादा चौकोनी छिद्र असते. ते चिकटपट्टीने झाकून काम भागवणारे पुष्कळ आहेत आणि या आकारात दोन लेपांमधला फरक कमी असल्याने ते बऱ्याचदा साधतेही. तरी एकुलती एक प्रत अशा फ्लॉपीवर ठेवू नये.

प्रकार जुळला तरी अवस्था तपासणे आवश्यकच आहे, विशेषतः फ्लॉप्यांनी कोकणातले किंवा मुंबईचे पावसाळे पाहिले असतील तर. मधल्या छिद्रात बोट घालून तबकडी आवरणातच हलकेच फिरवावी आणि वाचन-खिडकीतून तिचा पृष्ठभाग तिरप्या उजेडात निरखावा. पांढुरके ठिपके म्हणजे बुरशी, आणि एकाच वर्तुळात गेलेला ओरखडा म्हणजे लेप निघाल्याची खूण. अशी फ्लॉपी ‘बघू या चालते का’ म्हणून ड्राइव्हमध्ये सरकवू नये. सुटलेला लेप हेडवर बसतो आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीलाही खरवडतो. तसे झालेच, तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीने हेड पुसून, ते पूर्ण वाळल्यावरच पुढची फ्लॉपी घालावी.

शेवटची परीक्षा फॉरमॅटची. फॉरमॅटच्या आदेशात फ्लॉपीच्या नावासोबत दोन अक्षरी ओळखचिन्ह अवश्य द्यावे, कारण ते वगळल्यास आधी फॉरमॅट झालेल्या फ्लॉपीची केवळ फायलींची यादी पुसली जाते आणि बाकीचे ट्रॅक तपासलेच जात नाहीत. सुरुवातीला होणारा खडखडाट हा हेड पहिल्या ट्रॅकच्या टोकाला आदळल्याचा आवाज असून तो दोष नव्हे. दीडेक मिनिटाने दिवा न लुकलुकता विझला आणि यादीत ६६४ ब्लॉक मोकळे दिसले, तर एखादा मोठा प्रोग्राम साठवून ‘व्हेरिफाय’ आदेशाने पडताळावा, आणि नंतरच ती फ्लॉपी रोजच्या वापरात घ्यावी.