आर-32 एसीचं काम शिकताना: आधी पाइप मोजा

आयटीआयमधून रेफ्रिजरेशन-एसीचा दोन वर्षांचा कोर्स करून मुलं आमच्याकडे, रत्नागिरी-मालवण पट्ट्यात, कामाला येतात. गॅसची माहिती त्यांना तोंडपाठ असते. आर-22 मागे पडला, मग आर-410ए आला, आता घरगुती एसीत आर-32. अशा गॅसचा वापर कमी करण्याचा आंतरराष्ट्रीय करार, म्हणजे 2016ची किगाली दुरुस्ती, भारताने ती 2021मध्ये मान्य केली, हेही सांगतात. पण दुकानातून आणलेल्या तांब्याच्या पाइपच्या भिंतीची जाडी विचारली की गप्प होतात. या धंद्यात नवीन असाल तर शिकायला सुरुवात तिथूनच करा, असं मी कळकळीने सांगतो.

कारण आहे दाब. मे महिन्यातल्या दुपारी कंडेन्सरमध्ये, म्हणजे बाहेरच्या युनिटमधल्या जाळीत, गॅस 50 अंशांना द्रव होतोय असं धरा. आर-22 असेल तर आतला दाब साधारण 19 बार, आर-32 असेल तर 31च्या आसपास. आर-410ए त्याच्या अगदी जवळ. आर-290, म्हणजे प्रोपेन, मात्र आर-22पेक्षाही थोडा कमी दाबावर चालतो. तिथे खरी काळजी आगीची.

बाजारात पाइप सुतात आणि गेजमध्ये मागतात. दोन सूत म्हणजे पाव इंच, चार सूत म्हणजे अर्धा. गेजचा आकडा वाढला की जाडी कमी होते: 21 गेज म्हणजे 0.81 मिमी, 22 गेज 0.71, 24 गेज 0.56. जपानी कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये आर-410ए आणि आर-32साठी चार सुतापर्यंत 0.8 मिमी, पाच सुताला 1.0 आणि सहा सुताच्या मऊ पाइपला 1.2 मिमी जाडी दिलेली असते. हा तक्ता पाठ करू नका, एकदा स्वतः गणित मांडा. मऊ तांब्याला 33 न्यूटन प्रति चौरस मिमी एवढा ताण सोसू द्यायचा असं धरा. त्याची दुप्पट करा, जाडीने गुणा, बाहेरच्या व्यासाने भागा. 12.7 मिमीला (चार सूत) 0.8, 15.88ला (पाच सूत) 1.0, 19.05ला (सहा सूत) 1.2: तिन्ही वेळा उत्तर 4.15 मेगापास्कलच्या आसपास, म्हणजे साडेएकेचाळीस बार येतं. या यंत्रणांच्या प्रेशर टेस्टचा आकडाही तोच. आता पाच सुताला 0.8 घालून पाहा, 3.3वर येतो. पाइप का नाकारायचा हे गिऱ्हाइकाला पटवायला एवढं पुरेसं आहे.

दोन सुताचा पाइप 0.6 मिमीचा असला तरी या गणितात पास होतो, म्हणून काही जण तो बिनधास्त वापरतात. तो फुटणार नाही, हे खरं. पण बारीक पाइप गळतो तो फ्लेअरपाशी, म्हणजे नट बसवायला पसरवलेल्या तोंडाशी, आणि वाकवलेल्या जागी. पातळ भिंतीचा फ्लेअर नट आवळताना आणखी पातळ होतो आणि कॉम्प्रेसरच्या थरथरीने कालांतराने चिरतो. नवीन गॅसचा फ्लेअरही मोठा लागतो: चार सुताला आर-22साठी तोंड 16.2 मिमी होतं, आता 16.6, नट 24चा होता, आता 26चा. ठरावीक जोरानेच आवळणारा टॉर्क पाना घ्याच. चार सुताला साधारण 50 ते 60 न्यूटन-मीटर लागतात, आणि हाताच्या अंदाजावर एवढा नेमकेपणा साधत नाही.

कोकणात याहून मोठा शत्रू आहे ओलावा. आर-22च्या यंत्रात खनिज तेल असायचं. आर-32च्या बहुतेक यंत्रांत पीओई जातीचं कृत्रिम तेल असतं, ते हवेतला दमटपणा झपाट्याने शोषतं आणि पाण्याशी मिळून आम्ल तयार करतं. जुलैत देवगडला काम करताना पाइपची टोपणं जोडणीच्या क्षणापर्यंत काढू नका. ब्रेझिंग करताना, म्हणजे पाइप तापवून डाग देऊन जोडताना, आतून नायट्रोजन हळू सोडत राहा, नाहीतर काळी खपली धरते आणि पुढे सुटून कॅपिलरी, म्हणजे गॅसचा दाब उतरवणारी बारीक नळी, चोक करते. पंपाने आतली हवा ओढून व्हॅक्यूम 500 मायक्रॉनच्या (अर्धा मिमी पाऱ्याइतका दाब) खाली न्या, पंप बंद करा आणि काटा चढतो का बघा. प्रेशर टेस्टला नायट्रोजनच. ऑक्सिजन कधीही नाही. तेलाशी गाठ पडली तर स्फोट होतो.

किनाऱ्यावर ॲल्युमिनियमचा पाइप स्वस्त म्हणून पुढे केला जातो. तांब्याशी त्याचा सांधा आला आणि त्यावर खारं वारं लागलं की ॲल्युमिनियम झिजत जातं. समुद्रासमोरच्या होमस्टेला मी तांब्याशिवाय काही सुचवत नाही. इन्सुलेशन नायट्राइल रबराचं घ्या आणि बारीक आणि जाड अशा दोन्ही पाइपना वेगवेगळं घाला. घरगुती स्प्लिटमध्ये गॅसचा दाब बाहेरच्या युनिटमध्येच उतरतो, त्यामुळे बारीक पाइपही थंड असतो आणि त्यालाही घाम येतो.

जुना आर-22 एसी काढून नवा बसवताना भिंतीत गाडलेला पाइप तसाच वापरण्याचा आग्रह बहुतेक ठिकाणी होतो. भिंत फोडायची कुणालाच हौस नसते, हे समजण्यासारखं आहे. तरी टोकाशी छोटा तुकडा कापून मायक्रोमीटरने जाडी मोजा आणि आत जुनं तेल, काजळी आहे का ते पाहा. जाडी भरत असेल आणि नवीन कंपनीचं मॅन्युअल परवानगी देत असेल, तरच पाइप धुऊन, नायट्रोजनने फुंकून, नवे फ्लेअर आणि नवे नट घालून वापरा. यातली एकही अट अडली तर मालकाला काम सुरू करण्याआधीच सांगा आणि नव्या पाइपचा खर्च अंदाजपत्रकात लिहून द्या.